बोलक्या गावांचे कायदे: स्लॅश, स्कूप आणि ड्रुपल यांचा इतिहास

१/
नोव्हेंबर २००६. ‘स्लॅशडॉट’ या अमेरिकी संकेतस्थळावरील चर्चेचे सारे धागे एका रात्रीत तुटले. माणसे बोलत होती, पण कोण कोणाला उत्तर देत आहे, हे यंत्राला सांगता येईना. हल्ला झालेला नव्हता. स्थळावरील प्रतिसादांची संख्या १,६७,७७,२१६ च्या पुढे गेली होती आणि विदागारातील एका रकान्यात त्याहून मोठा आकडा मावत नव्हता.

२/
हा आकडा म्हणजे २ चा २४ वा घात. मुख्य रकाना काही वर्षांपूर्वीच रुंद केला होता. कोणता प्रतिसाद कोणाच्या पोटात जातो, हे नोंदवणारी अनुक्रमणिका तेवढी जुनीच राहिली होती. दुरुस्तीची आज्ञा जेमतेम एका ओळीची, पण पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी असलेल्या कोष्टकावर ती चालायला तीन तासांहून अधिक वेळ लागणार होता. तेवढा काळ सर्वांनी मौन पाळायचे!

३/
एवढी माणसे जेथे बोलत होती, त्या जागेचे नियम कोणी ठरवले होते? कोणाचे बोलणे वर यावे, कोणाचे तळाशी जावे, निवाडा कोणी करावा? ही सारी घटना पर्ल भाषेतील एका प्रणालीत लिहिलेली होती. तिचे नाव ‘स्लॅश’. ती कोणालाही वाचता येत होती, उतरवून घेता येत होती, बदलता येत होती. हा लांबलचक धागा तिचा आणि तिच्या भावंडांचा.

४/
आधी पार्श्वभूमी. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी ‘युजनेट’ची कल्पना मांडली. एका संगणकावर लिहिलेला मजकूर दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जाई. विषयवार गट होते, चर्चा रंगत. पण या गावाला पाटील नव्हता. जो काही धाक होता तो रूढीचा आणि लोकलज्जेचा.

५/
दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, महिनाभर गोंधळ घालत आणि हळूहळू रीतभात शिकत. १९९३ च्या सुमारास अमेरिका ऑनलाइन या कंपनीने आपल्या ग्राहकांना युजनेटचे दार उघडून दिले. आता नवखे रोजच येऊ लागले. त्यांना शिकवायला जुनी मंडळी पुरेनात. जुन्या सदस्यांनी त्या काळाला नाव दिले ‘न संपणारा सप्टेंबर’.

६/
एप्रिल १९९४ मध्ये अॅरिझोनातील दोन वकिलांनी ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात एकाच वेळी हजारो गटांत टाकली. संतप्त पत्रांचा पाऊस पडला, पण त्या दोघांना त्याची खंत नव्हती. लोकलज्जेवर उभ्या असलेल्या व्यवस्थेला निर्लज्जपणावर उपाय सापडत नाही, हे त्या दिवशी उघड झाले. पुढच्या पिढीने हा उपाय यंत्रात शोधायचे ठरवले.

७/
त्या पिढीतला एक जण म्हणजे रॉब माल्डा. मिशिगन राज्यातील हॉलंड या लहान शहरात होप कॉलेजमध्ये शिकणारा हा मुलगा आपल्या विद्यार्थी-खात्यावर ‘चिप्स अँड डिप्स’ नावाचे पान चालवत असे. ऑक्टोबर १९९७ मध्ये त्याने स्वतंत्र नाव नोंदवले: स्लॅशडॉट. मित्र जेफ बेट्स सोबतीला होता.

८/
नावामागे खोडसाळपणा होता. त्या काळी पत्ता पूर्ण उच्चारून सांगायची पद्धत होती. आता हा पत्ता मोठ्याने म्हणून पाहावा: एच-टी-टी-पी-कोलन-स्लॅश-स्लॅश-स्लॅशडॉट-डॉट-ऑर्ग. ऐकणाऱ्याने कागदावर काय उतरवावे? संगणकवेड्यांसाठी बातम्या देणाऱ्या स्थळाला असले नाव शोभून दिसले आणि तेच रुजले.

९/
रीत साधी होती. वाचक बातम्या आणि दुवे सुचवत. माल्डा आणि त्याचे सहकारी त्यांतून निवडक बातम्या दोन-चार ओळींच्या टिपणासह पहिल्या पानावर लावत. खाली वाचकांची चर्चा चाले. वाचक इतके वाढले की स्लॅशडॉटने एखाद्या लहान स्थळाचा दुवा दिला की गर्दीच्या भाराने ते स्थळ कोलमडे. या प्रकाराला ‘स्लॅशडॉट परिणाम’ असे नावच पडले.

१०/
खरा पेच चर्चेत होता. एका बातमीखाली शेकडो प्रतिसाद येऊ लागले. त्यांत एखाद्या अभियंत्याचे अनुभवसिद्ध निवेदन असे आणि त्याच्या शेजारी शिवीगाळही. सुरुवातीला निवड माल्डा आणि सहकारी स्वतःच करत. काम झेपेना, तेव्हा २५ विश्वासू माणसे नेमली. तीही अपुरी पडली, म्हणून सुमारे ४०० झाली. मग मात्र अधिकाराच्या गैरवापराच्या तक्रारी येऊ लागल्या.

११/
माल्डाचे उत्तर असे: कायमचा पंच कोणीच नको. नियमित वाचन करणाऱ्या, फार नव्या नसलेल्या आणि बरे वर्तन असलेल्या सदस्यांतून यंत्रच काही जणांना निवडील. निवडलेल्याला ५ गुण मिळतील. ते तीन दिवसांत वापरले नाहीत तर वाया जातील. आणि ज्या चर्चेत तो स्वतः बोलला, तेथे त्याला निवाडा करता येणार नाही. पंचाने पक्षकार होऊ नये, ही जुनीच नीती आता संगणकाच्या आज्ञावलीत आली.

१२/
प्रत्येक प्रतिसादाला उणे १ ते ५ या पट्टीवर गुण मिळत. निनावी लेखकाचा प्रतिसाद ० पासून सुरू होई, नोंदणीकृत सदस्याचा १ पासून आणि चांगला लौकिक असलेल्याचा २ पासून. गुण देताना कारणही सांगावे लागे: मर्मग्राही, माहितीपूर्ण, विनोदी, अवांतर, चिथावणीखोर वगैरे. नाव न लावणाऱ्याला तर यंत्राने ठरवून दिलेली उपाधी होती, ‘निनावी भित्रा’.

१३/
या लौकिकाला स्लॅशने जे नाव दिले ते मराठी वाचकाला हसू आणील: कर्म. चांगले लिहिले की कर्म वाढे, वाईट लिहिले की घटे, आणि पुढच्या प्रतिसादाचा जन्म कोणत्या गुणांवर व्हावा ते या संचितावर ठरे. लोक कर्माचा आकडा वाढवण्याचा खेळ खेळू लागले, तेव्हा त्यावर ५० ची मर्यादा घातली गेली. पुढे आकडा लपवून ‘उत्तम’, ‘बरे’, ‘वाईट’ अशा शब्दांतच तो दाखवला जाऊ लागला.

१४/
एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. कमी गुणांचा प्रतिसाद पुसला जात नसे. वाचक आपल्यापुरती पायरी ठरवी: ‘मला ३ च्या वरचेच दाखवा’, किंवा ‘मला सगळेच दाखवा’. बोलण्याचा हक्क प्रत्येकाला होता, पण ऐकवण्याचा हक्क मिळवावा लागे. भाषणस्वातंत्र्य आणि वाचकाचा वेळ यांच्यातील ही तडजोड इतकी तपशीलवार यंत्रबद्ध झाल्याची उदाहरणे त्यापूर्वी फार थोडी होती.

१५/
मग प्रश्न आला, पंचच चुकला तर? सप्टेंबर १९९९ मध्ये त्यावर दुसरा मजला चढवला गेला. जुन्या सदस्यांना इतरांनी दिलेले गुण दाखवायचे आणि विचारायचे, हा निवाडा न्याय्य होता का? पंचांवर पंच! अन्यायी ठरलेल्याला पुन्हा गुणदानाची संधी मिळण्याची शक्यता घटे.

१६/
हे सारे चालले का? २००४ मध्ये क्लिफ लँप आणि पॉल रेझ्निक या संशोधकांनी स्लॅशडॉटच्या नोंदी तपासल्या. निष्कर्ष संमिश्र होता. चांगले-वाईट एकूण बऱ्यापैकी निवडले जात होते. मात्र उत्तम प्रतिसाद ओळखायला वेळ लागे, चुकीचे गुण पुष्कळदा दुरुस्त होत नसत आणि उशिरा आलेल्या किंवा कमी गुणांवर जन्मलेल्या प्रतिसादाकडे पुरेसे लक्ष जात नसे. पंगतीला उशिरा आलेल्याला वाढपी सापडत नाही, तसेच काहीसे.

१७/
आता या कथेचा दुसरा पदर. स्लॅशची आज्ञावली जीपीएल या मुक्त परवान्याखाली जाहीर झाली. कोणीही ती घ्यावी, बदलावी, आपले गाव वसवावे. स्पेनमध्ये १९९९ मध्येच ‘बार्रापुंतो’ उभे राहिले. स्लॅशडॉट या नावाचेच ते स्पॅनिश भाषांतर. २००१ मध्ये जपानी आवृत्ती आली. जानेवारी २००२ मध्ये तर स्लॅश वापरून स्थळ कसे चालवावे याचे ओ’रायली प्रकाशनाचे पुस्तकही बाजारात आले.

१८/
तरीही स्लॅश घरोघरी पोचले नाही. ते बसवायला स्वतःचा सर्व्हर हवा, अपाची या वेबसर्व्हरमध्ये पर्ल जोडता यायला हवे, वर विदागाराची जाण हवी. स्वस्त, सामायिक जागा भाड्याने देणाऱ्या कंपन्या बहुधा पीएचपी ही भाषा देत. परवान्याने दिलेले स्वातंत्र्य आणि हाताला झेपणारे स्वातंत्र्य यांत अंतर राहिले. ते अंतर पुढे कोणी भरून काढले, ते पाहू.

१९/
त्याआधी एक बंडखोर. रस्टी फॉस्टर. त्याचा आक्षेप मूळ मुद्द्यावर होता. स्लॅशमध्ये प्रतिसादांना गुण लोक देतात, पण चर्चा कशावर व्हायची ते संपादकच ठरवतात. तो अधिकारही लोकांना का नको? डिसेंबर १९९९ मध्ये त्याने ‘कुरोशिन’ हे स्थळ सुरू केले. नाव इंग्रजीतील ‘गंजणे’ या शब्दावरची कोटी. रस्टी म्हणजे गंजलेला! त्यासाठी त्याने पर्लमध्येच नवी प्रणाली लिहिली, ‘स्कूप’. तीही मुक्त.

२०/
स्कूपमध्ये लेख आधी रांगेत जाई. तेथे कोणताही सदस्य मत देई: पहिल्या पानावर लावा, विभागात लावा, किंवा फेकून द्या. पुरेशी मते जमली की लेख आपोआप प्रसिद्ध होई. विरुद्ध गेली की नाहीसा होई. शिवाय प्रत्येक सदस्याला स्वतःची रोजनिशी मिळे आणि तिला कोणाच्या मंजुरीची गरज नसे. पाचामुखी परमेश्वर, ही म्हण जणू आज्ञावलीत उतरली.

२१/
परिणामी कुरोशिनवर लांब, विचारपूर्वक लिहिलेले निबंध येऊ लागले. रांगेतच लोक चुका दाखवत, लेखक सुधारणा करी. पण या लोकशाहीची दुसरी बाजूही लवकर दिसली. २००० च्या उन्हाळ्यात हल्लेखोरांनी खोट्या विनंत्यांचा भडिमार करून स्थळ आडवे केले आणि काही काळ ते बंद ठेवावे लागले. २००२ मध्ये पैसे संपले, तेव्हा फॉस्टरला सदस्यांपुढे झोळी पसरावी लागली. सदस्यांनी ती भरली.

२२/
मतदानाची यंत्रणा प्रामाणिक माणसासाठी जितकी खुली असते, तितकीच टवाळखोरासाठीही. जाणते लेखक हळूहळू निघून गेले, खोडसाळ मागे राहिले आणि रांगेवर त्यांचेच राज्य आले. २०१६ मध्ये कुरोशिन जाळ्यावरून नाहीसे झाले. प्रणाली शेवटपर्यंत मुक्तच होती. ज्यांच्यासाठी ती लिहिली ती माणसे उरली नव्हती.

२३/
पण स्कूपचे सर्वांत मोठे गाव वेगळेच निघाले. मार्कोस मुलित्सास यांनी मे २००२ मध्ये ‘डेली कोस’ हे राजकीय स्थळ सुरू केले आणि ऑक्टोबर २००३ मध्ये ते स्कूपवर आणले. एका माणसाच्या लेखनाचे स्थळ सदस्यांच्या रोजनिश्यांनी गजबजले. शिफारशी मिळालेली रोजनिशी ठळक जागी येऊ लागली. ऑगस्ट २००७ मध्ये या समुदायाच्या शिकागो येथील मेळाव्यात हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा हे इच्छुक उमेदवार मंचावर हजर होते.

२४/
कुरोशिनच्या संगणकवेड्यांसाठी केलेली ‘रोजनिशी’ची सोय अमेरिकी पक्षराजकारणात एवढी मोठी चावडी उभारील, हे फॉस्टरला १९९९ मध्ये सुचणे शक्य नव्हते. मुक्त प्रणालीचा हा स्वभावच आहे: ती लिहिणाऱ्याच्या हेतूत अडकून राहत नाही. पुढे २०११ मध्ये डेली कोसने स्कूप सोडून स्वतःची प्रणाली घेतली.

२५/
आता बेल्जियम. २००० साल, अँटवर्प विद्यापीठ. विद्यार्थ्यांना कायमची इंटरनेट जोडणी दुर्मिळ होती. ड्रीस बायटार्ट आणि हान्स स्नायडर यांनी वसतिगृहांमध्ये बिनतारी दुवा बांधून एकच जोडणी आठ जणांत वाटून घेतली. नेट आले, पण ‘आज नेट चालू आहे का’, ‘रात्री जेवायला कोठे जायचे’ हे सांगायला जागा नव्हती. म्हणून ड्रीसने एक छोटे सूचनाफलकवजा स्थळ लिहिले.

२६/
पदवी मिळाली, पांगापांग झाली, तेव्हा मित्रांनी हे स्थळ सर्वांसाठी खुले करायचे ठरवले. ‘डॉर्प’ हे नाव घ्यायचे होते. डच भाषेत डॉर्प म्हणजे खेडेगाव. टंकताना ड्रीसच्या हातून अक्षरे उलटसुलट झाली आणि ‘ड्रॉप’ असे उमटले. ते नाव मोकळे होते, तेच ठेवले. १५ जानेवारी २००१ रोजी त्यामागील प्रणाली मुक्त केली गेली. थेंबासाठी डच शब्द ‘द्रुप्पेल’. त्यावरून नाव पडले ‘ड्रुपल’.

२७/
ड्रुपल पीएचपीत लिहिलेले होते, म्हणजे स्वस्त भाड्याच्या जागेतही नांदणारे. दुसरे असे की ते सुट्या भागांचे होते. चर्चा हवी तर तो भाग जोडा, मतदान हवे तर तो जोडा, नको तर काढून ठेवा. स्लॅशने आणि स्कूपने आपापली राज्यघटना लिहून दिली होती. ड्रुपलने घटना लिहिण्याचे साहित्य दिले. २००३ मध्ये हॉवर्ड डीन यांच्या अमेरिकी निवडणूक मोहिमेतील स्वयंसेवकांनी त्यावरच ‘डीनस्पेस’ उभारले.

२८/
इकडे स्लॅशडॉटचे काय झाले? जून १९९९ मध्ये ते अँडोव्हर डॉट नेट या कंपनीने विकत घेतले आणि २००० मध्ये ती कंपनी व्हीए लिनक्सने घेतली. त्याच व्हीए लिनक्सचा समभाग ९ डिसेंबर १९९९ रोजी ३० डॉलरला विक्रीस येऊन पहिल्याच दिवशी २३९.२५ डॉलरवर बंद झाला होता. दोन-तीन वर्षांत तो एका डॉलरच्या आसपास आला. गावाची जमीन आता शेअर बाजाराच्या लाटांवर तरंगत होती.

२९/
ऑगस्ट २०११ मध्ये माल्डा बाहेर पडला. सप्टेंबर २०१२ मध्ये स्लॅशडॉट आणि सोबतची आणखी दोन स्थळे मिळून २ कोटी डॉलरला डाइस या कंपनीकडे गेली. नव्या मालकाने नवे रूप आणायचे ठरवले. जुन्या सदस्यांच्या मते त्या रूपात चित्रांना जागा होती, चर्चेला नव्हती. फेब्रुवारी २०१४ मध्ये चिडलेल्या सदस्यांनी आठवडाभराचा बहिष्कार पुकारला.

३०/
आणि येथे मुक्त परवाना कामाला आला. काही सदस्यांनी स्लॅशची जाहीर आवृत्ती उतरवून घेतली आणि त्याच महिन्यात ‘सॉयलेंटन्यूज’ हे नवे गाव वसवले. तीच गुणपद्धती, तेच कर्म, तोच निनावी भित्रा. मालक बदलला म्हणून ज्यांना आपले गाव परके वाटू लागले, ते आपले कायदेकानू पाठीवर घेऊन बाहेर पडू शकले.

३१/
पण ही वाट सुखाची नव्हती. जाहीर आवृत्ती अनेक वर्षे जुनी होती आणि कालबाह्य अपाचीवरच चालत होती. कारण जीपीएलची एक फट: आज्ञावली दुसऱ्याला वाटली तरच बदल जाहीर करावे लागतात, स्वतःच्या सर्व्हरवर चालवली तर नाही. स्वयंसेवकांनी रात्री जागून ती नव्या यंत्रणेवर आणली. जुने प्रतिसाद, जुने धागे मात्र मागेच राहिले. कायदे नेता आले, दप्तर नेता आले नाही.

३२/
ही फट बुजवणारा ‘अफेरो’ परवाना २००७ मध्ये जीपीएलच्या नव्या आवृत्तीला जोडून आला: सर्व्हरवर चालवा, पण बदल वापरणाऱ्यांना द्या. मास्टोडॉन आणि लेमी ही आजची विकेंद्रित स्थळे त्याच परवान्याखाली आहेत. उलट रेडिटने २००८ मध्ये उघडी केलेली आपली आज्ञावली २०१७ मध्ये जाहीर करणे थांबवले. जून २०२३ मध्ये तेथे असंतोष उसळला, तेव्हा सोडून जाणाऱ्यांपैकी अनेकांनी लेमीची वाट धरली.

३३/
या इतिहासाची एक शाखा थेट मराठीत येते. परदेशस्थ मराठी मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेली ‘मायबोली’ पुढे ड्रुपलवर आली. २००४ चे ‘मनोगत’, २००७ चे ‘उपक्रम’ आणि ‘मिसळपाव’, २०११ चे ‘ऐसी अक्षरे’ ही सारी ड्रुपलवर वसलेली गावे. देवनागरी टंकनाच्या साधनांची जोड मिळाली आणि मराठीत लिहायला-भांडायला हक्काच्या जागा झाल्या. प्रणाली फुकट आणि सुटी होती म्हणूनच वेगळ्या रुचीच्या, वेगळ्या धोरणाच्या मंडळींना आपापला पार बांधता आला.

३४/
‘ऐसी अक्षरे’वर प्रतिसादांना श्रेणी देता येते: मार्मिक, माहितीपूर्ण, विनोदी, रोचक, खवचट, अवांतर, निरर्थक, पकाऊ. या यादीचे स्लॅशच्या यादीशी असलेले नाते उघड दिसते. मिशिगनमधील एका विद्यार्थ्याच्या पर्लमधील युक्तीची ही कल्पना, बेल्जियममधील विद्यार्थ्याच्या पीएचपीवर, मराठी शब्दांत. त्यातला ‘खवचट’ मात्र अस्सल येथलाच. स्लॅशच्या यादीत त्याला जोड नाही.

३५/
आता या प्रवासातून काय हाती लागते? प्रत्येक चर्चास्थळाला कायदा असतोच. कोणाचे बोलणे वर न्यायचे, हे आजच्या बड्या समाजमाध्यमांवरही कोणते तरी सूत्रच ठरवते. फक्त ते सूत्र मालकाच्या तिजोरीत असते. स्लॅशचा पंच कसा निवडला जातो, हे ज्याला पर्ल येते त्या कोणालाही वाचता येत होते. अन्याय झाला असे वाटले तर नियमाकडे बोट दाखवता येत होते आणि अखेरीस तो नियम सुधारून घेऊन निघूनही जाता येत होते.

३६/
पण उघडी आज्ञावली गाव जिवंत ठेवत नाही, हेही कुरोशिनने दाखवले. सर्व्हरचे भाडे कोणी तरी भरावे लागते. रात्री बिघडलेली अनुक्रमणिका कोणी तरी दुरुस्त करावी लागते. नवख्याला रीत शिकवावी लागते, टवाळाला आवरावे लागते, उशिरा आलेल्याचे चांगले बोलणे शोधून वर काढावे लागते. गाव करी ते राव न करी, हे खरे. पण करणारे गावात टिकले तरच.

३७/
बार्रापुंतो, कुरोशिन, ड्रॉप यांची पाने आज मूळ जागी नांदत नाहीत. त्यांची आज्ञावली जपली गेली, पण त्यांवर झालेली बोलणी बरीचशी विखुरली. एकविसाव्या शतकाच्या आरंभी सामान्य माणसे काय वाचत होती आणि कशावरून भांडत होती, याचे ते अस्सल दप्तर होते. पुढच्या इतिहासकाराला ते हवे असेल, तर चालू असलेल्या मराठी चर्चास्थळांची दप्तरे आजच कोणी तरी उतरवून ठेवायला हवीत.

(समाप्त)
#इतिहास #संगणक_इतिहास #मुक्तस्रोत